एका हाताची एबीसीडी

मेसेज आला तेव्हा चारुता मुलांना 'काल' आणि 'उद्या' यांतला फरक शिकवत होती. काल म्हणजे हात खांद्यावरून मागे, उद्या म्हणजे हात पुढे. सगळ्या वर्गाचे हात पुढे-मागे होत होते, त्यात एकाचा 'काल' मागच्याच्या नाकावर बसल्यामुळे भांडणही जुंपलं होतं. इतक्यात तिच्या कुर्त्याच्या खिशातला मोबाइल थरथरला. वर्ग चालू असताना फोन बघायचा नाही, हा नियम तिनेच केलेला. पण गेले सतरा दिवस ती एकाच उत्तराची वाट बघत होती. तिने चोरून स्क्रीनवर नजर टाकली आणि तिचा पाय आपोआप जमिनीवर आपटला. एकदा नाही, चांगला चारदा.

त्या शाळेत जमिनीवर पाय आपटणं म्हणजे हाक मारणं. बाकांतून थरथर गेली तशी भांडणारी दोघंही थांबली आणि अकरा चेहरे तिच्याकडे वळले. काय झालं? कोण पडलं? साप निघाला?

"काही नाही," चारुता हातांनी म्हणाली. मग तिलाच हसू आलं. एवढी मोठी गोष्ट 'काही नाही' म्हणून पोटात ठेवणं तिला जमणार नव्हतं.

चारुता राऊत, वय सव्वीस. उमरोळीच्या विश्राम राऊतांची धाकटी मुलगी, जन्मापासून बहिरी. लहानपणी तिला पालघरला, मग मुंबईला किती डॉक्टरांकडे नेलं त्याची गणती नाही. कानाला मशीन लावलं, बोलायला शिकवणाऱ्या बाई ठेवल्या. चारुता वाचायला-लिहायला पटकन शिकली, ओठ बघून थोडंफार ओळखूही लागली, पण बोलणं काही आलं नाही. खुणांची खरी भाषा तिला भेटली ती विसाव्या वर्षी, मुंबईला सांकेतिक भाषा शिकवण्याचा डिप्लोमा करताना. वसतिगृहाच्या पहिल्या दिवशी चाळीस बहिऱ्या मुलामुलींना एकाच वेळी भांडताना, विनोद करताना, चहाड्या सांगताना बघून ती दारातच उभी राहिली होती. डिप्लोमा झाल्यावर ती बोईसरला, एमआयडीसीच्या अलीकडे असलेल्या या लहानशा शाळेत लागली. चार खोल्या, मागे मुलांचं वसतिगृह, बत्तीस मुलं. कुणाचे आईबाप उत्तर प्रदेशातून कारखान्यांत कामाला आलेले, कुणी समुद्रकाठच्या दांडीच्या कोळ्यांची, कुणी डोंगराकडच्या पाड्यांवरची.

आणि आता हा मेसेज. एक संस्था बहिऱ्या शिक्षकांना वर्षभरासाठी दुसऱ्या देशातल्या बहिऱ्यांच्या शाळांत पाठवत असे. डिप्लोमाच्या बाईंनी चारुताला ती जाहिरात धाडली होती. चारुताने गुपचूप अर्ज केला, स्वतःच्या वर्गाचा व्हिडिओ जोडला. उत्तर आलं केनियातून, किसुमू नावाच्या शहरातून. तुमचा व्हिडिओ आवडला, पुढच्या गुरुवारी तुमच्या वेळेनुसार दुपारी साडेबाराला व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेऊ, असं.

तिने भिंतीवरचा जगाचा नकाशा काढून जमिनीवर पसरला. मुलं भोवती बसली. "आपण इथे," तिने बोट ठेवलं. मग बोट समुद्रावरून सावकाश पलीकडे नेलं. "इथे एक शाळा आहे. तिथल्या मुलांना शिकवायला मी कदाचित जाईन."

सात वर्षांची जिवली पुढे सरकली. ही भिका आणि तेजल या दांपत्याची मुलगी, पाड्यावरून आलेली. शाळेत येईपर्यंत तिने आयुष्यात दुसरं बहिरं माणूस पाहिलं नव्हतं. तिने नकाशावरच्या त्या ठिपक्याकडे निरखून बघितलं, मग बोट कानाला लावून ओठांवर आणलं आणि भुवया उंचावल्या. तिथली मुलं बहिरी?

"हो."

"सगळी?"

"शाळेतली सगळी."

जिवली विचारात पडली. तिने नकाशावर भलतीकडेच, रशियात कुठेतरी बोट टेकवलं. "इथे?"

"तिथेपण."

"इथे?" ब्राझील.

"तिथेपण."

मग काय, बाकीची मुलंही नकाशावर तुटून पडली. इथे? इथे? बेटांवर? बर्फात? प्रत्येक ठिकाणी बहिरी मुलं आहेत, असं चारुता सांगत गेली. अंकुश नावाचा नऊ वर्षांचा आडदांड मुलगा तर ही बातमी सांगायला शेजारच्या वर्गात धावत गेला. तास संपला तरी जिवली नकाशावरून उठायला तयार नव्हती.

*

मुलाखतीला आठ दिवस होते आणि अडचण मोठी होती. खुणांची भाषा प्रत्येक देशात वेगळी. भारतात एबीसीडी दोन्ही हातांनी काढतात, केनियात एकाच हाताने. चारुताने इंटरनेटवरून त्यांची अक्षरं शोधली आणि सराव सुरू केला. स्कूटी सिग्नलला थांबली की उजव्या हाताची बोटं चालू. भाजी घेताना चालू. एकदा उमरोळी फाटकाशी शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, ही आपल्यालाच खुणावते आहे. त्याने बिचाऱ्याने रिक्षा बाजूला घेऊन वाट करून दिली.

मुलांना हे कळल्यावर ती कशी मागे राहतील? दोन दिवसांत अख्खी शाळा एका हाताने आपापली नावं काढायला लागली. त्यात अंकुशने मोठा शोध लावला. एका हाताने बोलता येतं म्हणजे दुसऱ्या हातात पोळी धरता येते! तेव्हापासून जेवणाच्या पंगतीत जी बडबड सुरू झाली, ती काही केल्या थांबेना. स्वयंपाकघर सांभाळणारी बायडी हात जोडून मुख्याध्यापकांकडे गेली. "सर, ही पोरं आता जेवतच नाय. नुसती बोलतात. आन बाईच शिकवतात त्यांना!"

पुंडलिक सर ऐकू येणारे, पण वीस वर्षं बहिऱ्या मुलांत काढलेले. त्यांनी चारुताला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली आणि हातांनी विचारलं, "घरी सांगितलंस का?"

चारुताने मान हलवली. नाही.

"आधी सांग. मुलाखत अवघड नाही. अवघड घरातच आहे."

*

रविवारी दुपारी माईने कोळंबीचं कालवण केलं होतं. माई म्हणजे चारुताची आई; सगळं गाव तिला माई म्हणायचं म्हणून घरातही माईच. बाबा, माई, थोरला भाऊ ललित आणि चारुता जेवायला बसले. नेहमीप्रमाणे तिघं बोलत होते. चारुता ताटाकडे बघत होती.

राऊतांच्या घरात चाळीसेक खुणा चालत. जेव, ये, औषध, पाऊस आला, पाहुणे आले, दिवा घालव. लहानपणी आपोआप तयार झालेल्या, त्यानंतर त्यांत भर पडली नव्हती. त्यांत 'का' नव्हतं. 'मला वाटतं' नव्हतं. 'केनिया' तर नव्हतंच.

म्हणून चारुताने सगळं आधीच मोबाइलवर लिहून ठेवलं होतं. तिने जमिनीवर हात आपटून तिघांचं लक्ष वेधलं आणि मोबाइल ललितला दिला. तारापूरच्या कारखान्यात कामाला असलेला ललित घरातल्या बोलण्यातलं महत्त्वाचं तेवढं तिला टाइप करून दाखवायचा. त्याने मोठ्याने वाचलं. माईच्या हातातला घास हातातच राहिला.

"आफ्रिकेत?" विश्राम म्हणाले. "आरं, हिला पालघरला धाडली तरी माझा जीव टांगनीला. कोनी काय विचारलं तर ही सांगनार काय? तिकडं हिला समजून कोन घेनार?"

चारुताला ओठांवरून अर्धंमुर्धं कळलं, उरलेलं ललितने टाइप केलं. तिने मोबाइल घेतला, भराभर लिहिलं आणि या वेळी थेट बाबांच्या हातात दिला. विश्रामांनी खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागले.

'बाबा, तुम्ही सगळे माझ्यावर खूप माया करता. पण गेल्या दिवाळीत तुम्ही सगळे पोट धरून हसत होतात. मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, नंतर सांगतो. अजून कुणी सांगितलं नाही. मी पण हसले होते, नुसती मान हलवून. तिथली माणसं माझ्यासारखी आहेत. त्यांच्यात मला नुसती मान हलवावी लागणार नाही.'

विश्रामांनी दोनदा वाचलं. मोबाइल माईकडे सरकवला. माईला वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर ती उठली. हात धुऊन आली, पदर खोचला आणि चारुतासमोर मधोमध उभी राहिली.

आधी तिने छाती पुढे काढून, मिशीला पीळ देत चालून दाखवलं. हे एकनाथकाका, चारुताने लगेच ओळखलं. मग पांढरीशुभ्र विजार घातल्याचं दाखवलं. मग दारातली रांगोळी, आणि बाजूला ठेवलेली गुलाबी रंगाने भरलेली परात. एकनाथकाका गप्पा मारत मारत मागे सरकले आणि थेट परातीत बसले. माई खरोखर जमिनीवर बसली, उठली, आपल्याच पाठीमागे बघितलं आणि काहीच न दिसल्यासारखी ऐटीत पुढे निघाली. या घरी राम राम, त्या घरी राम राम, आणि मागे गुलाबी चंद्र! सगळ्या गावाने बघितला, काकांना सोडून.

चारुता हसत सुटली. इतकी की तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ललितही हसायला लागला, विश्रामांनाही राहवेना. दहा महिन्यांनी दिवाळी तिच्यापर्यंत पोहोचली होती. माई मात्र हसता हसता एकदम खाली बसली आणि तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिला जे म्हणायचं होतं, त्याची खूण त्या चाळीसांत नव्हती.

जेवणं उरकल्यावर विश्राम म्हणाले, "मानसं बघितल्याबिगर मी हो म्हननार नाय. गुरुवारी मी येतो शाळेत. कोन ते, कसे ते, माझ्या डोळ्यानं बघीन."

ललितने ते टाइप केलं. चारुताने वडिलांना खूण केली: ये. चाळीसांतली होती ती.

*

गुरुवारी विश्राम लेकीच्या स्कूटीवर मागे बसून शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल आणि पिशवीत वाडीतल्या सोनकेळ्यांची फणी; जणू मुलीसाठी स्थळच बघायला निघालेत. व्हिडिओवर केळी कशी देणार, हे त्यांना स्कूटीवर बसल्यावर सुचलं.

पुंडलिक सरांनी त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसवलं. मुलाखतीसाठी भिंतीवर मोठा पडदा लावला होता. मुलांनी शांत बसायचं कबूल केलं होतं, म्हणजे हात मांडीखाली घेऊन. जिवली विश्रामांच्या शेजारी येऊन बसली, कारण केळी तिथे होती.

साडेबारा वाजले. पडदा निळा झाला, काळा झाला, अडकला, आणि मग एक बाई दिसल्या. चाळिशीच्या, ठसठशीत, कानांत पिवळ्या रिंगा. त्या मुख्याध्यापिका, अकिन्यी. स्वतः बहिऱ्या. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ बसून टिपणं घेत होते.

अकिन्यींनी पुढच्या दातांमधल्या फटीवर दोनदा बोट आपटलं. हे माझं नाव. तुझं?

चारुताने डाव्या गालाच्या खळीत बोट टेकवून फिरवलं.

मागे विश्रामांनी जिवलीकडे बघून गालावर बोट फिरवलं आणि हात हलवून विचारलं, हे काय? जिवलीला एवढ्या मोठ्या माणसाला हे माहीत नसल्याचं नवल वाटलं. तिने चारुताकडे बोट दाखवलं, गालावर बोट फिरवलं. पुन्हा चारुताकडे, पुन्हा गालावर. विश्रामांच्या ध्यानात आलं. हे तिचं नाव. त्यांच्या मुलीला सहा वर्षं आणखी एक नाव होतं, सगळी शाळा तिला त्याच नावाने ओळखत होती आणि त्यांना ते आज कळत होतं.

पुढे पाच मिनिटं छान गेली. चारुताने एका हाताची अक्षरं न चुकता काढली. वय, गाव, डिप्लोमा. मग अकिन्यींनी एक लांबलचक प्रश्न विचारला. चारुताला त्यातलं 'मूल' कळलं, 'पहिला' कळलं, बाकी काही नाही. तिने पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच. घाबरून तिची बोटं सवयीने दोन हातांची अक्षरं काढायला लागली, ती तिने झटकून थांबवली. तिसऱ्यांदाही प्रश्न डोक्यावरून गेला.

मान हलवून 'हो' म्हणणं किती सोपं होतं. आयुष्यभर ती तेच करत आली होती, डॉक्टरांपुढे, पाहुण्यांपुढे, दुकानात. मानेला सवयच झालेली. पण मागे अकरा मुलं बघत होती, आणि कळलं नाही तर कधीही खोटी मान हलवायची नाही, हे त्यांना रोज कोण शिकवतं?

चारुताने हात खाली घेतले, श्वास घेतला आणि सरळ सांगितलं, "मला कळलं नाही. करून दाखवा."

 अकिन्यी दातांतली फट दाखवत खदखदून हसल्या आणि शेजारच्या गृहस्थांना काहीतरी म्हणाल्या. मग खुर्ची मागे ढकलून त्या उभ्या राहिल्या आणि करून दाखवायला लागल्या. एक लहान मूल, घाबरलेलं, कोपऱ्यात बसलेलं. एकही शब्द नाही, एकही खूण नाही. पहिला दिवस. तू काय करशील?

चारुताचा चेहरा उजळला. हे तर तिला ठाऊक होतं! तिने जिवलीला पुढे बोलावलं. जिवली अर्ध्या केळ्यासकट आली.

"ही आली तेव्हा तीन दिवस बाकाखाली बसून होती," चारुताने सांगितलं, काही त्यांच्या खुणांनी, काही आपल्या, उरलेलं अभिनयाने. "मीही बाकाखाली जाऊन बसले. काही शिकवलं नाही. एक केळं सोललं, खूण केली, खाल्लं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी..." तिने जिवलीकडे बघितलं.

जिवली गडप्पकन बाकाखाली शिरली. खालून तिचे दोन्ही हात बाहेर आले आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट सोलून दाखवलं. केळं. हा तिच्या आयुष्यातला पहिला शब्द होता.

पडद्यावर अकिन्यींनी दोन्ही हात वर करून हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या त्या. मांडीखालचे सगळे हात एकदम बाहेर आले आणि वर्गभर फडफडले. मागच्या बाकावर विश्राम आधी बावरून बघत राहिले. लेक बाकाखाली नेत होती ती केळी त्यांच्याच वाडीतली. रोज दोन-दोन कुठे जातात म्हणून त्यांनी माईशी वाद घातला होता. मग त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि दोन्ही हात वर करून हलवले.

अकिन्यींचं लक्ष गेलं. ते कोण?

"माझे बाबा. तुम्हाला बघायला आलेत."

अकिन्यींनी विश्रामांना जवळ बोलावलं आणि विचारलं, तुम्ही काय करता? त्यांच्या खुणा विश्रामांना कळल्या नाहीत, पण भुवया कळल्या. ते लाजले, इकडेतिकडे बघितलं. मग त्यांनी हातांनी खड्डा खणला, रोप लावलं, पाणी घातलं, ते उंच होऊ दिलं, घड उतरवला आणि खांद्यावर घेतला. सगळं सावकाश, नीट. चारुताने वडिलांना हातांनी इतकं सविस्तर बोलताना आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. अकिन्यींनी आपल्याकडचं मोठं सरोवर दाखवलं, जाळं टाकलं, मासे ओढले. माझे वडील हे करायचे, म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. या वेळची मान खरी होती.

निघताना जिवलीने विश्रामांना अडवून त्यांच्या शर्टाच्या खिशावर दोनदा बोट आपटलं. चष्मा सतत आतबाहेर करतात ना, म्हणून. चारुताने मोबाइलवर लिहून दाखवलं, 'तुम्हाला नाव मिळालं.' विश्राम स्कूटीवर बसेपर्यंत खिसा चाचपत होते.

*

सोमवारी निवड झाल्याचं पत्र आलं. जानेवारीपासून एक वर्ष. पासपोर्ट, परवाना, लसी, सगळं बाकी होतं आणि त्यातलं काहीही अडकू शकत होतं, पण चारुताला आता त्याची फिकीर नव्हती. पत्राखाली अकिन्यींनी एक ओळ घातली होती: 'सतरा जणांशी बोलले. कळलं नाही म्हणणारी तू एकटी. पण आमची मुलं जानेवारीपर्यंत थांबायला तयार नाहीत, तेव्हा या शनिवारपासूनच व्हिडिओवर वर्ग घे.'

माईने पत्र ललितकडून तीनदा वाचून घेतलं. मग तिने चारुताला बसवलं आणि बोट हलवत विचारलं, 'जानेवारी'ची खूण कशी? मग 'विमान'. मग 'आठवण'. त्या संध्याकाळी घरातल्या चाळीस खुणांच्या त्रेपन्न झाल्या, कारण ललितला 'पगार' आणि 'सुट्टी' पण हव्या होत्या.

शनिवारी पडद्यावर हिरव्या स्वेटरांतली चौदा मुलं दाटीवाटीने बसलेली दिसली. इकडे चारुताच्या मागे बत्तीस. आज प्राणी शिकायचं ठरलं होतं. हत्ती दोन्हीकडे सारखाच निघाला. माकडही. बेडकावर थोडे मतभेद झाले. मग तिकडच्या एका मुलीने एक प्राणी करून दाखवला: पाण्यात बुडालेला, वर नुसते डोळे आणि कान, आणि तोंड उघडलं तर दोन हात पसरावेत एवढं. आमच्या सरोवरात असतो, म्हणाली.

बोईसरची मुलं चक्रावली. मगर? नाही, नाही, जाड! म्हैस? म्हैस पाण्यात बसते! म्हशीचं तोंड एवढं उघडतं का? अंकुश म्हणाला, हे खोटं बोलतात. जिवलीने त्याला ढकललं आणि पडद्याच्या अगदी पुढे जाऊन एका हाताने एकेक अक्षर विचारायला लागली. चारुताने 'पाणघोडा' हे उत्तर सांगायचं नाही असं ठरवून हात मागे बांधले. तिकडे चौदा तोंडं आ वासलेली, इकडे बत्तीस. पुंडलिक सरांनी तास संपल्याचा भिंतीवरचा तांबडा दिवा दोनदा लावला, दोनदा विझवला. कुणी तिकडे बघितलंसुद्धा नाही.